घुमटाखाली भेटू

दसरा जवळ आला की माझी झोप उडते. आजूबाजूच्या घरांत त्या दिवसांत साफसफाई चाललेली असते, जाळी-जळमटं काढली जातात, आणि मी आईच्या गोळ्या डबीत भरत, ऊन किती असेल याचा अंदाज घेत बसलेली असते. त्या दिवशी दीक्षाभूमीला जायचंच, हा आईचा नेम. तिचं माहेर भिवापूरकडच्या एका खेड्यातलं. छप्पन्न साली, लाखो माणसांनी इथं धम्म घेतला त्या दिवशी, ती माझ्या आजोबांच्या खांद्यावर बसून नागपूरला आली होती. पार लहान होती. त्या दिवसाचं काय आठवतं असं विचारलं की ती नेहमी एकच सांगते, "मले फक्त तहान आठवते. अन् जिकडं पाहावं तिकडं पांढरं."

मी घाबरट आहे हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. कुणाचा फोन दोनदा वाजून बंद झाला तरी माझ्या डोळ्यांपुढे दवाखाना येतो. आई माझ्या अगदी उलट. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे, नागपुरातच बेसाला, राहायला आली आणि एका घरात दोन टोकं राहू लागली. ती साखरेची रोगी असूनही निवांत, आणि तिची साखर मोजता मोजता माझाच जीव वरखाली.

मागच्या उन्हाळ्यात ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. लागलं फारसं नाही, पण डॉक्टरांनी बजावलं: खाणं वेळच्या वेळी, उन्हात उभं राहायचं नाही, गर्दीत जायचं नाही. हे ऐकताना आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच डॉक्टरांना पढवून ठेवलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, "आई, टीव्हीवर सगळं दाखवतात. या वर्षी घरी बसून पाहू."

"टीव्हीवर भेट होते का वं?"

"कोणाला भेटायचंय तुला?"

"मले काय मालूम? जो भेटन तो."

तिचं हे भेटणं माझ्या ओळखीचं होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही तिला आग्र्याला नेलं होतं. ताजमहालाचं चित्र तिने चौथीच्या पुस्तकात पाहिलं होतं, त्यानंतर तिची शाळा सुटली, म्हणून तो प्रत्यक्ष दाखवावा असं मला फार वाटत होतं. तिने तो नीट पाहिला, चारही बाजूंनी. संगमरवरावरच्या जडवलेल्या फुलांवरून बोट फिरवलं. सुंदर आहे म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. परतीच्या गाडीत मात्र खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "अथी लोकं पाहाले येतात. आपल्या तिकडं भेटाले येतात." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. शाळेत आपण देशातल्या इमारतींची नावं पाठ करतो, कुणी बांधली, कधी बांधली, परीक्षेत लिहितो. त्यातल्या बहुतेक कुण्या राजाच्या, कुण्या राणीच्या. जिथं गेलं की माणूस आपल्याच लोकांत आल्यासारखा हात पुढे करतो अशी इमारत त्या धड्यात नव्हती.

तर आम्ही निघालो. यजमान घरीच थांबले, कारण दुपार उलटल्यावर भिवापूरकडचे पाहुणे जेवायला येणार होते आणि मसालेभात त्यांनाच चांगला जमतो. ऑटोवाल्याने आम्हाला बऱ्याच अलीकडे उतरवलं, पुढे रस्ता बंद होता. आई पांढरी साडी नेसली होती आणि पायात निळे बूट. साखरेमुळे पावलांना जपावं लागतं म्हणून ते बूट मीच आणले होते, धावणाऱ्या पोरांचे असतात तसे. तिचा डबा, पाण्याची बाटली, गोळ्या, साखर मोजायचं यंत्र, एवढंच काय तिचा फोनसुद्धा माझ्या पर्समध्ये होता. तिला काही उचलायला लागू नये म्हणून. मी तिचं मनगट धरून चालत होते.

"हात मोडशील," ती म्हणाली.

"मोडू दे."

रस्त्याच्या दोन्ही कडांना पुस्तकांची दुकानं, तसबिरी, निळे झेंडे, मूर्ती. कुणी पुरीभाजी वाटत होतं, कुणी मठ्ठा. लांबून आलेली माणसं फुटपाथवर चादरी टाकून पहुडली होती. त्या सगळ्यावर तो पांढरा घुमट दिसत होता, आणि प्रत्येक जण चालता चालता एकदा तरी मान वर करून तो पाहत होता. मी पाहत नव्हते. मी आईचे पाय कुठं पडतात ते पाहत होते.

आवाराच्या तोंडाशी स्वयंसेवकांनी दोर धरला होता. माणसांचा एक लोंढा आत सोडायचा, दोर खाली आणायचा, थोडं थांबून पुढचा लोंढा. आमची पाळी आली तेव्हा मागून रेटा आला, आई पुढे गेली, तिचं मनगट माझ्या मुठीतून निसटलं आणि दोर बरोबर आमच्या मधे आला.

"आई! तिथंच थांब!" मी ओरडले.

तिने वळून पाहिलं, हात वर केला. तिला ऐकू गेलं की ती नुसता निरोप घेत होती ते मला कळलं नाही. दोर वर झाला तेव्हा ती तिथं नव्हती.

मी फोन लावला. तो लागला, आणि माझ्याच पर्समध्ये वाजला. त्यानंतर तर नेटवर्कही गेलं.

पुढचा वेळ कसा गेला ते सांगणं कठीण आहे. पांढरी साडी, पांढरे केस, चष्मा, किंचित वाकलेली पाठ. दर चार माणसांमागे एक माझी आई होती. मी एका बाईच्या खांद्यावर हात ठेवला, तिने वळून प्रेमाने "काय माय?" म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं. तिचा डबा माझ्याकडे. तिचं खाण्याचं वेळापत्रक माझ्या डोक्यात, आणि ते केव्हाच उलटून गेलं होतं. ती कुठंतरी घामाघूम होऊन बसली असेल, हात थरथरत असतील, लोकांना वाटेल म्हातारी दमलीय, झोपू द्या. मी हे सगळं इतकं स्पष्ट पाहिलं की मला ते घडून गेल्यासारखंच वाटायला लागलं.

हरवले-सापडलेचा मंडप शोधून काढला. माइकपाशी बसलेली मुलगी घसा बसेपर्यंत बोलत होती. तिने विचारलं, "ओळख सांगा."

"पांढरी साडी. पांढरे केस. चष्मा आहे."

तिने मंडपाबाहेर हात केला. समोरून तशाच बायांची अख्खी रांग चालली होती.

"वेगळं काही?"

तेव्हा मला बूट आठवले. "निळे बूट," मी म्हणाले. "मुलांचे असतात तसे."

तिने लगेच पुकारा केला, निळे बूट घातलेल्या आजींनी मंडपाशी यावं. पण शेजारीच गाण्यांचा कर्णा लागला होता आणि पलीकडे कुठंतरी भाषण चालू होतं. पुकारा दहा पावलांवर विरून जात होता. मी तिथं थांबू शकले नाही. मान खाली घालून चालत सुटले. आता मी चेहरे पाहत नव्हते, पाय पाहत होते. चपला, भेगाळलेल्या टाचा, अनवाणी पाय, कुणाच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी. मैलोन्‌मैल चालून आलेले पाय. एरवी मी एवढ्या जवळून त्यांच्याकडे कधी पाहिलं नसतं.

घुमटाला चारी दिशांना दारं आहेत. त्यातल्या एका दाराबाहेर, सावलीच्या पट्टीत, पायऱ्यांच्या कडेला मला ते निळे बूट दिसले. त्यांच्या शेजारी झिजलेल्या रबरी चपलांतले दुसरे दोन पाय होते. आई कुणीतरी वाटलेला मसालेभात पत्रावळीतून खात होती, आणि शेजारच्या म्हातारीला सांगत होती, "खा वं बाई, उपाशी राहून पोरगा येत नाही."

मी पुढ्यात जाऊन उभी राहिले.  आणि ओरडलेच. "होतीस कुठं तू?"

"अथीच तं होती."

"मी तुला थांब म्हटलं होतं ना? तू हरवलीस तर..."

"मी काहून हरवीन? मी तं नागपूरचीच आहो," आई म्हणाली. "हरवली हे बाई आहे. बस खाली. किती घाम आला तुले."

मी खाली बसले, यंत्र काढलं आणि तिथंच आईचं बोट टोचलं. रक्ताचा थेंब पाहून शेजारच्या म्हातारीने तोंडाला पदर लावला. आईची साखर ठीक होती. माझी कुणी मोजली असती तर काय निघाली असती कोण जाणे.

मग मला त्या बाईची हकीकत कळली. ती हिंगोलीकडच्या एका खेड्यातून आली होती. गावातल्या काही घरांनी मिळून जीप केली होती. तिच्याबरोबर मुलगा आणि सून होते. सून मुक्कामाच्या जागी स्वयंपाकाला थांबली आणि मायलेक सकाळीच इकडे आले. मुलाने आईला निघतानाच सांगून ठेवलं होतं, चुकामूक झाली तर घुमटाखाली भेटू. आणि चुकामूक झाली. ती विचारत विचारत घुमटापाशी आली, हे दार दिसलं, आणि तेव्हापासून बसून होती. रडून रडून तिचा आवाज बारीक झाला होता. आईने तिला पाहिलं आणि ती तिच्या शेजारी बसली, एवढंच.

"मंडपात सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगून धाडलं एका पोराजवळ. पण त्या कर्ण्यात ऐकते कोण?" आई म्हणाली. "मी म्हटलं, चाल, फिरून पाहू. तं हे म्हणते, मी हालली अन् पोरगा आला तं?"

"मला काय ठावं, माय," ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "घुमट एवढा मोठा आसंल? आमच्या घरात फोटू हाय. मला वाटायचं, गावातल्या पाण्याच्या टाकीएवढा आसंल. घुमटाखाली म्हंजी झाडाखाली म्हनावं तसं वाटलं मला."

तिचा नवरा दर वर्षी यायचा. त्यानेच तो फोटो गावी नेला होता. ती मात्र कधी आली नाही, कारण म्हैस होती आणि म्हशीला सोडून दोघांना निघता येत नसे. नवरा गेला, नंतर म्हैसही विकली, आणि या वर्षी मुलगा म्हणाला, आये, आता चल. आयुष्यात पहिल्यांदा ती इथं आली होती आणि दाराशी बसून होती. आत अजून गेली नव्हती.

"फोन नंबर आठवतो का मुलाचा?"

"न्हाई. सून लावून देती."

मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, "स्वयंसेवक आहेत, पोलीस आहेत. त्यांच्या ताब्यात देऊ. तुझी गोळी राहिलीय, घरी पाहुणे आलेत."

"तू जा," आई म्हणाली. "पाहुण्यांना वाढ. मी बसून राहते."

आईशी वाद घालून मी आयुष्यात कधी जिंकलेली नाही. मी डबा उघडला, तिघींनी पोळी आणि वांग्याची भाजी खाल्ली, आईने गोळी घेतली. ऊन कलायला लागलं होतं. ती बाई सारखी आभाळाकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "दिस मावळायच्या आत निघायचं ठरलंय. मला टाकून जात्याल का हो?"

"असं कसं जातील?" मी म्हणाले, पण मला स्वतःलाच खात्री नव्हती. जीपवाला थांबायला तयार नसेल तर? बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असेल तर? आणि मुलगा कुठल्यातरी पोलीस चौकीत बसला असेल तर ही इथं रात्रभर बसेल, आणि हिच्याशेजारी माझी आई.

मी तिला विचारलं, "काल रात्री कुठं झोपलात?"

"साळंत. मोठी साळा. तितं लई लोक हायेत."

"कुठली शाळा? आजूबाजूला काय होतं?"

ती आठवत राहिली. "लाकडं," ती म्हणाली. "समोर लाकडंच लाकडं, ही मोठाली वंडकी. सकाळच्याला कापायची मशिनी चालू झाली की कान बसत्यात."

मी एकदम उठून उभी राहिले. नागपुरात असं ठिकाण एकच, लकडगंज. माझ्या यजमानांनी लग्नाच्या आधी तिथल्याच एका आरा मशीनवर हिशेबनिसाची नोकरी केली होती. तिथली गल्लीन्‌गल्ली त्यांना ठाऊक होती.

फोन इथून लागणार नव्हता. गर्दीच्या बाहेर, काछीपुऱ्याच्या बाजूला जावं लागणार होतं. म्हणजे आईला पुन्हा सोडून जायचं. मी तिला तीनतीनदा सांगितलं, "हलायचं नाही. कुणी उठवलं तरी नाही. पाण्यालासुद्धा नाही."

"हाव वं बाई, हाव."

"शप्पथ?"

"जा आता. ते बाई रडून राहिली."

मी कोपरं मारत, माफी मागत बाहेर पडले. दर थोड्या अंतरावर फोन वर धरून पाहायची. एकदाचा तो लागला. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"अहो, स्कूटर काढा आणि लकडगंजला जा."

"आता? पाहुणे जेवायला बसलेत!"

"त्यांना म्हणावं हाताने वाढून घ्या. तिथं समोर लाकडाच्या वखारी असलेली एक शाळा आहे, दसऱ्याची माणसं उतरलीत तिथं. हिंगोलीकडची." मी गावाचं नाव सांगितलं, म्हातारीचं सांगितलं.

"अगं, वखारींसमोर शाळा किती..."

"माझ्याशी आता वाद घालू नका. सगळ्या बघा. आई तिच्याजवळ बसलीय आणि ती उठायची नाही."

शेवटचं वाक्य त्यांना लगेच पटलं. ते माझ्या आईला ओळखतात. "निघालो," म्हणाले.

परत येताना माणसांचा ओघ उलटा होता. लोक आता घराकडे निघाले होते आणि मी एकटीच आत घुसत होते. घुमटापाशी पोचले, पायऱ्या दिसल्या, आणि तिथं ना निळे बूट होते ना रबरी चपला. एक अख्खं कुटुंब तिथं बसून केळी खात होतं.

 "इथं दोन म्हाताऱ्या होत्या," मी त्यांना म्हणाले. त्यांनी माना हलवल्या. "आत्ता होत्या इथं!" नाही म्हणाले, आम्ही दुपारपासून इथंच आहोत.  मी मान वर करून पहिल्यांदा त्या इमारतीकडे नीट पाहिलं. ती गोल होती. हे दार आणि ते दार यांत काहीच फरक नव्हता. मी चुकीच्या दाराशी आले होते. पन्नाशीला आलेली, याच शहरात जन्मलेली मी, दर वर्षी इथं येणारी, दार चुकले होते. मग त्या बाईचं काय?

भिंतीच्या कडेकडेने चालत पुढच्या दाराशी गेले. दोघी तिथंच होत्या, मी सोडलं होतं तशाच. आईने त्या बाईचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला होता. ती बाई आईला म्हशीबद्दल सांगत होती.

आम्ही वाट पाहिली. मी फोन हातात धरून बसले, जणू घट्ट धरला की नेटवर्क येईल. आभाळ तांबूस झालं. त्या बाईने पदर डोक्यावर ओढून घेतला.  कर्ण्यावरची गाणी चालूच होती. मी मनातल्या मनात ठरवायला लागले होते, की हिला घरी न्यायचं. बेसाला. पण ही उठेल का? आणि उद्या काय?

गर्दी थोडी कमी झाली तसं नेटवर्क आलं असावं, फोन थरथरला. यजमानांचा निरोप होता, शाळा सापडली, सून भेटली, तिने मुलाला फोन लावलाय. आणि खाली एक ओळ: तो सकाळपासून घुमटाच्या दारातच बसलाय म्हणे, कुठल्या ते सांगता येत नाहीये.

मी ते मोठ्याने वाचलं. त्या बाईला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "पर मी बी दारातच हाय की!"

आईला तिच्याजवळ ठेवून मी पलीकडे धावत गेले. अगदी समोरच्या बाजूच्या दाराशी एक धिप्पाड माणूस पायऱ्यांवर उभा होता, पांढरा सदरा घामाने अंगाला चिकटलेला, फोन कानाला, आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होता. मायलेक दिवसभर एकमेकांकडे पाठ करून बसले होते, मधे तो सगळा घुमट. तो मधून मधून फेरीही मारून आला होता, पण पायऱ्यांच्या कडेला बसलेल्या एवढ्या पांढऱ्या साड्यांत आपली आई त्याला दिसली नव्हती.

"निळे बूट घातलेल्या एका बाईंजवळ आहे तुमची आई," मी म्हणाले. तो माझ्या पुढे धावत सुटला.

तो तिच्या पायाशी बसला आणि आधी भांडलाच. "आये, कुठं गेलतीस गं? मी मेलो आसतो आज!"

"मी हितंच हाय! तू कुठं गेलतास?"

"मी बी हितंच!"

मग दोघंही रडायला लागली. आजूबाजूची माणसं थांबून पाहायला लागली, कुणीतरी पाणी दिलं. थोड्या वेळाने तो उठला आणि माझ्या आईच्या पाया पडायला वाकला. आईने पाय मागे घेतले. "पाया काहून पडतो गा? जयभीम म्हण."

त्याने हात जोडून जयभीम केला. 

मग घाई सुरू झाली. जीप निघायची होती, बाकीचे लोक सामान भरून बसले होते. तो स्वतःच्या आईला उठवायला लागला. ती उठली, आणि जागेवरच उभी राहिली. "मी आत गेले न्हाई," ती म्हणाली.

"आये, आता येळ नाही. फुडच्या वर्षी."

 माझी आई मधे पडली. "गाडीवाल्याचा फोन लाव. मी बोलते त्याच्यासंग."

"आई, रांग पाहिलीस का?" मी म्हणाले. "अंधार पडतोय. तुझ्या पायांना..."

"तू रांगेचं पाहा. मी गाडीचं पाहते."

मी दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवक बाईकडे गेले आणि सगळं एका दमात सांगितलं. तिने दोघी म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि कठडा बाजूला सरकवला. जीपवाल्याला आई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण तो थांबला.

आत गेल्यावर बाहेरचा गोंगाट एकदम मागे राहिला. पायांखाली फरशी गार होती. माणसं हळूहळू सरकत होती, अस्थिकलशासमोर हात जोडत होती, कुणी ओठांतल्या ओठांत त्रिसरण म्हणत होतं. ती बाई मधोमध येऊन थांबली आणि मान वर करून त्या पोकळ, पांढऱ्या घुमटाकडे पाहत राहिली. मला वाटलं तिला चक्कर येतेय. मी तिच्या पाठीशी हात धरला.

"वर काईच न्हाई?" तिने आईला हळूच विचारलं.

"काहीच नाही," आई म्हणाली. "जुन्या स्तुपात आत जाता येत नाही, बाहेरूनच फिरा लागते. हा आपल्यासाठी मोकळा ठेवला. सगळे आत मावले पाहिजे ना."

हे तिने कुठं ऐकलं होतं, की तिथंच तिच्या मनात आलं, मला ठाऊक नाही. बांधणाऱ्यांच्या मनात काय होतं तेही मला सांगता येणार नाही. त्या बाईला ते पुरेसं वाटलं. तिने अनवाणी पाय फरशीवर दाबून पाहिला, मग दुसरा. "ते म्हनायचे आत लई गार आसतंय," ती म्हणाली. तिचा नवरा. मग तिने डोळे मिटले. मुलगा मागे उभा होता, घड्याळाकडे न पाहता.

बाहेर आल्यावर निरोपाला वेळ मिळालाच नाही. ती दोघं गर्दीत मिसळली, आणि क्षणात त्या सगळ्या पांढऱ्या साड्यांतली तिची साडी कुठली ते मला ओळखता येईना.

ऑटो मिळेपर्यंत पुष्कळ चालावं लागलं. ऑटोत बसल्यावर आईने बूट सैल केले. अजनीच्या पुलावर वारा लागला तेव्हा मी तिला विचारलं, "मी दोरापलीकडे राहिले तेव्हा तू घाबरली नाहीस?"

"घाबरली तं. लय घाबरली."

"मग?"

"मले वाटलं, आता हे पोरगी घाबरून राहिली असंल. हिले कसं सांगू का मी बरी आहो?" तिने पाय लांब केले. "मंग ते बाई दिसली. तिच्यापाशी बसली तं भेव कमी झालं."

घरी पाहुणे हाताने वाढून घेऊन जेवले होते आणि भांडीही घासून ठेवून गेले होते. यजमान लकडगंजहून परत येऊन दारातच उभे होते. दुसऱ्या दिवशी आईचे पाय सुजले. डॉक्टर आम्हा दोघींवरही सारखेच रागावले, आणि ते मला अगदीच अन्यायाचं वाटलं.

जीप सुखरूप पोचल्याचा फोन मुलाने केला. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन येतो आणि तो त्याच्या आईला देतो. दोघींनाही कमी ऐकू येतं. "जेवलीस का?" असं आमची आई ओरडते, तिकडून बहुधा म्हशीबद्दल काहीतरी येतं, कारण त्यांनी पुन्हा एक म्हैस घेतलीय. दोघी एकाच वेळी बोलतात आणि दोघी खूश असतात.

या वर्षी पावसाळा संपता संपता पुन्हा फोन आला. दसऱ्याला ते येणार आहेत, सून, मुलगा, म्हातारी आणि गावातली आणखी काही माणसं. शाळेत जागा मिळेल की नाही ठाऊक नाही म्हणाला. मी "बघू, विचार करून सांगते" असं म्हणणार होते, एवढ्या माणसांच्या अंथरुणांचं, पाण्याचं, एका न्हाणीघराचं कसं व्हायचं ते डोक्यात फिरायलाही लागलं होतं. पण फोन आईच्या हातात होता, आणि तिने कधीच हो म्हणून टाकलं होतं.